वटवाघळं, जिवाणू आणि आपलं मुंबईतलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात जांभळं पिकायला लागली की माझा फोन वाजू लागतो. "ताई, गॅलरीत रोज सकाळी काळे डाग पडतात." "ताई, पोरांना काही रोग तर नाही ना होणार?" मी मुलुंडला राहते. बरीच वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि संध्याकाळी आकाशात वटवाघळं निघाली की मान आपोआप वर जाते. २०२० नंतर या फोनांमध्ये भीती फार वाढली. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

सरळ सांगा, वटवाघळांमुळे जिवाणूंचे रोग होतात की नाही?

होऊ शकतात. पण मुंबईतल्या फ्लॅटमध्ये किंवा चाळीत राहणाऱ्या माणसाला तसा रोग होण्याची शक्यता फार कमी आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. एखादा जिवाणू प्राण्याच्या अंगात सापडणं वेगळं आणि त्या प्राण्यापासून माणसाला रोग होणं वेगळं. मधे बरीच वाट आहे. तो जिवाणू लघवीतून, विष्ठेतून किंवा लाळेतून बाहेर पडला पाहिजे. बाहेरच्या ऊन-वाऱ्यात जिवंत राहिला पाहिजे. मग जखमेतून, तोंडातून, डोळ्यांतून किंवा एखाद्या किड्याच्या चाव्यातून तुमच्या शरीरात शिरला पाहिजे, तोही पुरेशा संख्येने. आणि तुमच्या शरीरात त्याचा जम बसला पाहिजे. यातली एक जरी कडी तुटली तरी रोग होत नाही. तीस फुटांवर लटकलेलं वटवाघूळ आणि खाली चालणारे तुम्ही, यांच्यामध्ये ही साखळी बहुतेक वेळा जुळतच नाही. आपण हात लावतो, फांदी तोडतो, सुका झाडू मारतो तेव्हा मात्र ती जोडायला आपणच मदत करतो.

निपाह, करोना हे जिवाणूच ना?

नाही, ते विषाणू. जिवाणू ही स्वतःची पेशी असलेली, स्वतः वाढणारी सजीव गोष्ट. बहुतेक जिवाणूंवर अँटिबायोटिक चालतं. विषाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू शकत नाही आणि त्याच्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून वटवाघळाच्या भीतीने घरात पडलेल्या जुन्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

वटवाघळांवरचं बहुतेक संशोधन विषाणूंवरच झालं, जिवाणू मागे राहिले. निपाहची आपल्याकडची चर्चा २००१ मधल्या सिलिगुडीच्या आणि २०१८ मधल्या कोझिकोडच्या साथीनंतर वाढली. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या, ती बातमी तुम्ही वाचली असेल. महाबळेश्वरात त्यामुळे माणसांमध्ये साथ आली नाही. सापडणं आणि रोग होणं यांतलं अंतर म्हणतात ते हेच.

वटवाघळांत कोणकोणते जिवाणू सापडले आहेत?

जगभरात वटवाघळांच्या १,४००हून अधिक जाती आहेत, तेव्हा यादीही लांब आहे. आपल्याला कामाचे तेवढेच सांगते.

लेप्टोस्पायरा, म्हणजे पावसाळ्यातला लेप्टोचा ताप आणणारा, हा मुंबईकरांच्या ओळखीचा. पेरू, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर अशा अनेक ठिकाणी तो वटवाघळांच्या मूत्रपिंडांत सापडला आहे. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू विष्ठेत सापडतात. यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या वटवाघळांत सापडला आहे. बोरेलिया हा उलटून उलटून ताप आणणारा जिवाणू वटवाघळांच्या गोचिडांत मिळाला आहे.

आणि बार्टोनेला. याची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेला सूज आली, तिच्यात बार्टोनेलाचा एक अनोळखी प्रकार सापडला. तो कुठून आला ते कळेना. काही वर्षांनी फिनलंडमधल्या वटवाघळांत तोच प्रकार मिळाला. नायजेरियात इदान्रे गावाजवळच्या गुहांमध्ये लोक सणाला वटवाघळं पकडायला उतरतात. तिथल्या वटवाघळांत बार्टोनेलाचा एक नवा प्रकार सापडला आणि गावातल्या काही माणसांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडंही सापडली. म्हणजे संपर्क झाला होता. पण तो गुहेत उतरून, हाताने पकडून झाला होता, अंगणातल्या झाडाखालून चालत गेल्यामुळे नाही.

मग आमचा लेप्टो उंदरांचा की वटवाघळांचा?

उंदरांचा. घुशींचा. काही प्रमाणात कुत्र्यांचा आणि गोठ्यातल्या जनावरांचा. हा प्रश्न मला पावसाळ्यात सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पिळदार, बारीक जिवाणू. प्राण्याच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीतून बाहेर पडतो. त्याला ओल लागते. साचलेल्या पाण्यात, चिखलात, कोमट हवेत तो आठवडे काढतो. कोरडं पडलं की मरतो. आता मुंबईचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. गटारं, त्यात घुशींची बिळं, वरून पाणी तुंबलेलं आणि त्यातून आपण चपलेत, पायाला कुठेतरी खरचटलेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले आणि पुढच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची मोठी साथ आली. ती साथ वरून आली नव्हती, पायांखालच्या पाण्यातून आली होती.

वटवाघळाची लघवी वरून पडते, पानांवर, पत्र्यावर, गाडीच्या टपावर. ऊन लागलं की सुकते. शिवाय वटवाघळांत सापडणारे लेप्टोस्पायराचे वंश पुष्कळदा त्यांच्या त्यांच्या जातीपुरतेच असतात. मादागास्करच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. वटवाघळांत लेप्टो नसतो असं मी म्हणत नाही, असतो. पण तुम्हाला लेप्टोची काळजी असेल तर मान खाली घाला : कचऱ्याचे डबे झाकले आहेत का, पार्किंगमध्ये घुशींची बिळं आहेत का, पायाची जखम उघडी आहे का.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. महापालिका दर पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते ते याचसाठी. डोस डॉक्टरच ठरवतील, कारण गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना वेगळं औषध द्यावं लागतं. रोग साधारण ५ ते १४ दिवसांनी डोकं वर काढतो. ताप, अंगदुखी, त्यातही पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. पुढे कावीळ, लघवी कमी होणं, खोकल्यातून रक्त. यातलं काही दिसलं तर थांबू नका. लेप्टोवर अँटिबायोटिक उत्तम चालतं, पण वेळेत सुरू झालं तरच.

गाडीवर आणि गॅलरीत रोज चोथे पडतात. ती विष्ठा आहे का?

बहुतेक वेळा नाही. एकदा हातमोजा घालून तो चोथा उचलून बघा. चपटा, फिकट पिवळा, काथ्यासारखे धागे एकमेकांत दाबलेले, आणि मधे टाळूच्या वळ्यांचे ठसे. फळ खाणारं वटवाघूळ गर तोंडात घेतं, जीभ आणि टाळू यांच्यात दाबून रस पितं आणि उरलेला चोथा थुंकतं. देशी बदामाच्या झाडाखाली अर्धवट कुरतडलेले बदाम पडलेले असतात, तेही यांचंच काम. विष्ठा वेगळी : पातळ, ओघळ आलेली, बिया असलेली. फळाला यांच्या पोटातून बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास पुरतो, म्हणून ती उडता उडताच पडते आणि भिंतीवर तिरपे फराटे उमटतात.

चोथ्याला लाळ लागलेली असते, तेव्हा उघड्या हाताने उचलू नका आणि लहान मुलांना खेळू देऊ नका. पाणी मारा, पुसा, हात धुवा. गाडीचा रंग जातो ही तक्रार खरी आहे. त्याला झाकण घालणं किंवा जागा बदलणं हाच उपाय.

मुंबईत कुठली वटवाघळं दिसतात?

मोठं फळवाघूळ, म्हणजे पंख पसरले की चार फुटांच्या आसपास आणि वजनाला साधारण किलोभर. दिवसा उंच झाडांवर घोळक्याने लटकतं. राणीच्या बागेत पाहिलं असेल. त्याहून लहान, कुत्र्यासारखं आखूड तोंड असलेलं फळवाघूळ सोसायट्यांमधल्या आसुपालवात राहतं. नर आतले देठ तोडून स्वतःसाठी तंबू करतो. गुहांमध्ये राहणारी वेगळी. आणि दिव्याभोवती गिरक्या घेणाऱ्या, काडेपेटीत मावतील एवढ्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं. त्या फळाला तोंड लावत नाहीत, डास, पतंग, किडे खातात. रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात आहेत, आपल्याकडे नाहीत.

घरात शिरलं तर काय करायचं?

सगळ्यात आधी पंखा बंद करा. घरात शिरलेली पाकोळी बहुतेक वेळा माणसाला काही करत नाही, पंख्याच्या पात्याला आपटून मरते. मग आतल्या खोल्यांची दारं लावा, खिडक्या सताड उघडा, घरातला दिवा मालवा आणि बाहेर या. दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते. ती गिरक्या घालते ते बाहेरची वाट शोधत. केसांत अडकायला तिला काही नको असतं.

बसून राहिली तर जाड हातमोजे घालून वर डबा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि अंधार पडल्यावर उंच जागी, झाडाच्या खोडावर किंवा भिंतीच्या कठड्यावर सोडा. जमिनीवर ठेवू नका, तिथून अनेक जातींना उडणं अवघड जातं. झाडूने मारू नका. मारलेली, रक्त लागलेली पाकोळी उचलणं जास्त धोक्याचं.

चावलं किंवा ओरखडा आला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा हा वेळ बराच मोठा असतो. हळद, चुना, कॉफी काही भरू नका, पट्टी आवळून बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

चाव्यातून तोंडातले जिवाणू आत जातात, त्यासाठी कधी अँटिबायोटिक लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का तेही बघावं लागतं. रेबीजचा विचार वेगळा. आपल्याकडे रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो. पण रेबीजच्या कुटुंबातला एक विषाणू शेजारच्या श्रीलंकेत मोठ्या फळवाघळांत सापडलेला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट आलेला संपर्क सर्वात वरच्या, तिसऱ्या वर्गात धरते. तेव्हा लस घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू नका. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. आणि दातांची खूण दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. पाकोळीचे दात सुईच्या टोकाएवढे असतात.

झाडाखाली पिल्लू पडलं आहे. पोरं त्याला दूध पाजायला बघताहेत.

थांबवा त्यांना. दूध नाही, पाणीही नाही. पिल्लाच्या तोंडात घातलेला थेंब फुफ्फुसात जातो. आणि घाबरलेलं पिल्लूही चावतं.

परवाच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक मादी विजेच्या तारेला लागून मेली. मी गेले तेव्हा ती तारेलाच लोंबत होती, पंख अर्धवट उघडे आणि त्या पंखांच्या आत पिल्लू तिला घट्ट धरून. जिवंत होतं. ओले, काळेभोर डोळे, आणि आईच्या काखेजवळच्या केसांत रुतलेली अंगठ्याची नखं. वीज बंद करून, हातमोजे घालून वनविभागाच्या माणसाने ते सोडवलं तेव्हा मला हात पुढे करावासा वाटला. केला नाही. मोठं फळवाघूळ वर्षातून एकच पिल्लू देतं, तेव्हा एकेक पिल्लू मोलाचं आहे. पण वाचवायचं ते शिकलेल्या हातांनी.

वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. तोवर खोक्यात जुनं सुती कापड घालून ते खोकं पिल्लावर हलकेच उपडं ठेवा, सावलीत राहू द्या, मुलं आणि कुत्री लांब ठेवा. मकर संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या वटवाघळांसाठीही हेच. मांजा ओढू नका, पंखाचा पडदा फाटतो.

माळ्यावर / एसीच्या मागे काळ्या लेंड्यांचा ढीग साठला आहे. झाडून टाकू का?

सुका झाडू मारू नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

वाळलेली विष्ठा झाडली की तिची बारीक धूळ उडते आणि ती छातीत जाते. तिच्यात जिवाणू असू शकतात, पण मोठी भीती एका बुरशीची आहे : हिस्टोप्लाझ्मा. तिच्यामुळे फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो पुष्कळदा टीबी समजला जातो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, मधुमेह आहे, स्टिरॉइड चालू आहेत, त्यांनी तर माळ्यावर चढूच नये.

लेंड्या उंदराच्या की पाकोळीच्या हे आधी बघा. काडीने दाबा : पाकोळीची लेंडी चुरते आणि चुऱ्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसते. उंदराची चिवट असते, चुरत नाही. उंदराची निघाली तर लेप्टोच्या दृष्टीने जास्त गंभीर घ्या. दोन्हींना साफ करायची पद्धत मात्र एकच. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पायात बूट, खिडक्या उघड्या. लेंड्यांवर साबणाचं किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी हलकेच शिंपडा, चांगलं भिजू द्या, मग खरवडून पिशवीत भरा आणि तोंड बांधा. जागा ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळे धुवा.

मग फट बुजवायची. पण पाकोळ्या आत असताना सिमेंट भरलं तर त्या आतच मरतात आणि वास महिनाभर जात नाही. फटीवर वरून जाळी लावा, खालची बाजू सुटी ठेवा : निघताना त्या खालून सरकून जातात, परत येताना वाट सापडत नाही. आठवडाभराने फट बंद करा. मात्र आत पिलं नाहीत याची खात्री करूनच. आतून दिवसभर बारीक चिवचिव येत असेल तर थांबा.

पाण्याच्या टाकीत मेलेलं वटवाघूळ सापडलं!

पाणी पिऊ नका, चूळही भरू नका. हातमोजे घालून काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, घासून धुवा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन तेही सोडून द्या, मग भरा. पुढचे दोन दिवस पाणी उकळून प्या. साल्मोनेला, लेप्टोस्पायरा दोन्ही उकळीत मरतात. कुणाला जुलाब, ताप आला तर डॉक्टरांना टाकीचं सांगा. आणि झाकण बसवा. मी पाहिलेल्या अशा प्रत्येक टाकीचं झाकण तुटलेलं होतं किंवा नव्हतंच.

वटवाघळाने उष्टावलेलं फळ पोराने खाल्लं. काय करू?

घाबरू नका. तोंड धुवायला लावा आणि काही दिवस ताप, उलट्या, जुलाबांवर लक्ष ठेवा. पुढच्या वेळी दातांची खूण असलेलं, फाटलेलं किंवा खाली पडलेलं फळ सरळ टाकून द्या. चावलेला भाग कापून उरलेला पेरू खाऊ हा हिशोब इथे करू नका. अखंड फळ नीट धुऊन, शक्य असेल तर सोलून खा.

पालघर-वसईकडून ताडी, नीरा येते. ती प्यावी का?

झाडावर उघडं मडकं लटकत असलं की रात्री वटवाघळं रस प्यायला येतात. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून निपाह माणसांत गेला तो असाच. तिथे आता मडक्यावर बांबूच्या पट्ट्यांचं झाकण बांधायला शिकवतात. लाळ-लघवीतून जिवाणू पडायलाही तीच वाट. तुमचा ताडीवाला ओळखीचा असेल तर मडकं झाकतो का ते विचारा. झाकत नसेल तर पिऊ नका.

गुडघेदुखीला, दम्याला वटवाघळाचं तेल देतात. फरक पडतो म्हणे?

पडत नाही. त्या तेलासाठी वटवाघूळ पकडावं, मारावं, सोलावं लागतं, आणि सगळ्या जिवाणूंना हातापर्यंत पोचवायची याहून सोपी वाट नाही. शिवाय तो गुन्हा आहे.

त्यांच्या अंगावरचे किडे आपल्याला चावतात का?

त्यांच्या अंगावर बिनपंखी माश्या असतात, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या. बार्टोनेला एका वटवाघळातून दुसऱ्यात जातो तो बहुधा यांच्यामार्फत. पण वटवाघळाच्या अंगावरून उतरल्या की त्या फार काळ जगत नाहीत. पाकोळ्यांच्या फटीतली गोचीड मात्र, त्या निघून गेल्यावर, भुकेपोटी माणसाला चावू शकते. म्हणून फट बुजवण्याआधी आतली साफसफाई करायची.

कोणता किडा काय पसरवतो हे शोधायला वेळ लागतो, हे मुंबईला चांगलं ठाऊक आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा घरं धुतली, चुना मारला, माणसं घरांतून बाहेर काढली. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये. वाट कळली की भीती योग्य जागी ठेवता येते.

कुत्र्या-मांजरांना धोका?

कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या; उंदरांसाठी ती तशीही लागतेच. मांजराने वटवाघूळ तोंडात धरून आणलं तर हाताने ओढून घेऊ नका, मांजराला पशुवैद्यांकडे न्या. यात एक उलटी बाजूही आहे. जर्मनीत मेलेली वटवाघळं तपासली तेव्हा काहींना पाश्चुरेला नावाचा जिवाणू लागलेला होता आणि अंगावर मांजराच्या दातांच्या खुणा होत्या. म्हणजे तिथे रोग देणारं मांजर होतं.

म्हणजे आपणही त्यांना रोग देतो?

देतो. रानातल्या वटवाघळांच्या विष्ठेत अँटिबायोटिकला न जुमानणारे ई. कोलाय (आतड्यात राहणारे जिवाणू) जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत. वटवाघळं काही मेडिकलच्या दुकानात जात नाहीत. आपलं सांडपाणी, आपला कचरा, त्यावरचे किडे, त्यातलं पाणी, तिथून ते त्यांच्या पोटात गेले. मी वर्गात हा भाग शिकवताना मुलं गप्प होत असत. "वाहक" हा शब्द आपण नेहमी प्राण्याला लावतो, पण या बाबतीत सुरुवात आपल्यापासून होते. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेलं अँटिबायोटिक दोन दिवसांत सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका.

शाळेची सहल कान्हेरीला जाते आहे. पाठवू का?

जरूर पाठवा. फक्त अंधाऱ्या लेण्यात आत आत शिरून आरडाओरडा करायचा नाही, भिंतीला हात लावून तेच हात तोंडात घालायचे नाहीत, डबा बाहेर उघड्यावर खायचा, आधी हात धुवायचे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाड तोडायचं ठरतंय. रोगाचं मूळच जाईल ना?

जाणार नाही, उलट वाढेल.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत जांभळाचं जुनं झाड होतं. "वटवाघळांमुळे रोगराई" असा अर्ज झाला, रात्री फटाके लावले, धूर केला, मग छाटणीच्या नावाखाली फांद्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली सहा-सात वटवाघळं तडफडत पडली होती. ती उचलायला कचऱ्याच्या गाडीवरचा मुलगा आला, उघड्या हातांनी. त्याच्या मनगटावर दोन ओरखडे आले. अर्ज करणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगावर एक थेंब पडला नव्हता. धोका गेला तो त्याच्या वाट्याला. मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले, लस सुरू झाली, तो बरा आहे. पण त्या दिवसाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

हुसकावलेली वटवाघळं नाहीशी होत नाहीत, विखुरतात, शेजारच्या झाडांवर दाटीने बसतात. घाबरलेला, उपाशी प्राणी जास्त जिवाणू-विषाणू बाहेर टाकू शकतो. आणि झाड गेलं तरी गटारातली घूस तिथेच असते.

कायद्याचंही सांगा मीटिंगमध्ये. शहरातलं झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. वन्यजीव कायद्यात फलाहारी वटवाघळं पूर्वी उंदीर-कावळ्यांच्या बरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि मोठ्या फळवाघळाला संरक्षण मिळालं.

त्रास खरा असेल तर छाटणी परवानगीने, पिलांचे दिवस टळल्यावर, फक्त गॅलरीवर आलेल्या फांद्यांची करा. खाली पडलेली फळं रोज उचला. आणि त्यांचं कामही बघा. वड, उंबर, जांभळाच्या बिया तेच लांब नेऊन टाकतात. मुंबईत गोरखचिंचेची जुनी झाडं आहेत, आफ्रिकेतून आलेली; तिची मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात.

एकाच झाडाखाली बरीच मेलेली दिसली तर?

हात लावू नका, १९२६ वर कळवा. उन्हाळ्यात ती उष्माघातानेही मरतात, पण कारण तज्ज्ञांनी बघितलं पाहिजे. एखादंच मेलं असेल तर हातमोजे, दोन पिशव्या, वर ब्लीचिंग पावडर, मग कचऱ्याच्या माणसाला आत काय आहे ते सांगून द्या. न सांगता देऊ नका.

डॉक्टरांना काय सांगायचं?

ताप आला तर एवढं सांगा : मागच्या महिन्याभरात तुंबलेल्या पाण्यातून चाललात का, पायाला जखम होती का, उंदीर-घुशी घराजवळ आहेत का, वटवाघूळ हाताळलं का, माळा साफ केला का, गुहेत गेला होतात का, उघडी ताडी प्यायलात का, आणि हे सगळं कोणत्या तारखांना. तारखा कागदावर लिहून न्या. तापात त्या आठवत नाहीत.